एचटीटीपी-ओन्ली कुकी लावली, आता नाव कसं दाखवायचं?

इंदूरला मंडळांच्या गणेशोत्सव नोंदणीच्या साइट करून देणारी आपली पोरं एक गोष्ट ठासून सांगतात: सेशनची कुकी (लॉगिनची ओळख ठेवणारी ब्राउझरमधली चिठ्ठी) एचटीटीपी-ओन्ली केली तर लॉगिन कोणाचं आहे हे रिअ‍ॅक्टला (ब्राउझरमध्ये पान रंगवणाऱ्या जावास्क्रिप्टला) कळणारच नाही, म्हणून टोकन, म्हणजे लॉगिनची खूण, लोकलस्टोरेजमध्ये (जावास्क्रिप्टला वाचता येणाऱ्या ब्राउझरच्या साठ्यात) ठेवा. साफ चूक.

ती कुकी जावास्क्रिप्टला वाचता येत नाही, एवढंच. ब्राउझर ती त्याच साइटच्या विनंतीसोबत पाठवतोच. फ्रंटएंडला, म्हणजे साइटच्या ब्राउझरमधल्या भागाला, टोकन नकोच असतं. हवं असतं नाव, सभासद क्रमांक, फार तर अ‍ॅडमिन आहे की नाही. पान उघडताच फेचने (सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या जावास्क्रिप्ट फंक्शनने) 'मी कोण' विचारा. सर्व्हर कुकी तपासून तेवढंच जेसनमध्ये (माहितीच्या मजकुरी स्वरूपात) देईल. लॉगिन नसेल तर ४०१ हा नकाराचा कोड. फ्रंटएंड आणि एपीआय (सर्व्हरचा माहिती देणारा भाग) वेगळ्या डोमेनवर असतील तर मात्र फेचमध्ये क्रेडेन्शियल्स 'इन्क्लूड' करा (म्हणजे कुकी सोबत जाईल) आणि कुठल्या साइटला उत्तर वाचू द्यायचं या सर्व्हरवरच्या परवानगीत तारांकन (म्हणजे 'कुणीही') न टाकता फ्रंटएंडचा नेमका पत्ता लिहा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, आणि खापर कुकीवर फुटतं!

दुसरा मार्ग, हीच माहिती एचटीएमएलमधल्या स्क्रिप्ट टॅगमध्ये छापायची. चालतं, पण कुणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग लिहिला तर पुढचा मजकूर थेट पानात घुसतो. त्यामुळे जेसनमधलं '<' एस्केप करा. असं पान सामायिक कॅशमध्येही (एकदा साठवलेलं पान सगळ्यांना देणाऱ्या साठ्यात) जाऊ देऊ नका, नाहीतर जोशीकाकूंना देशपांडेकाकांचं नाव दिसेल.

आणि अ‍ॅडमिनचं बटण लपवलं तरी हक्काची तपासणी सर्व्हरवरच.