बदललेली क्लासिक स्पोर्ट्‌स कार ‘तीच’ कुठवर राहते?

पहिल्या महायुद्धानंतर उत्तम स्पोर्ट्‌स कार घ्यायची तर आधी चॅसी विकत घ्यावी लागे. बेंटलीचा कारखाना पोलादी सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग जोडून देई. वरची बॉडी ग्राहक वांडन प्लाससारख्या कोचबिल्डरकडून बांधून घेई. त्या बॉडीचा आतला साचा बहुधा अ‍ॅश लाकडाचा असे. सांध्यांत पाणी मुरलं की लाकूड कुजे आणि गाडी नवी बॉडी चढवून घेई. पुढे जुन्या बेंटलींच्या बंद सलून बॉड्या काढून उघड्या टूरर चढवण्याचा सपाटाच लागला, म्हणून अस्सल सलून बॉडीसह उरलेल्या गाड्या आज कमी दिसतात. यात गाडीची ओळख बदलते असं कुणाला वाटत नसे. ओळख होती चॅसीला, आणि बॉडी हा तिचा पोशाख.

या समजुतीची कसोटी लागली १९९० साली, लंडनच्या हायकोर्टात. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली स्पीड सिक्सने ल मॉंची २४ तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी सलग दोनदा जिंकली होती. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचं इंजिन होतं. ब्रुकलँड्‌सच्या शर्यतीत ती चढत्या कडेवरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. नंतर गाडी पुन्हा उभी करून तिच्यावर नवी बॉडी बसवली. अनेक दशकांनी १ कोटी पौंडांचा सौदा ठरला, पण ही ती गाडीच नव्हे असं म्हणत खरेदीदार कंपनीने माघार घेतली. तपासात १९२९ च्या गाडीचं जवळजवळ काहीच सापडलं नाही आणि १९३० च्या गाडीचे गिअरबॉक्सचं आवरण, स्टिअरिंग कॉलम, पेडलचा दांडा असे मोजकेच भाग निघाले. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडीला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, पण तिचं अस्तित्व कुठेच तुटलेलं नाही. बदल टप्प्याटप्प्याने झाले आणि प्रत्येक टप्प्यावर ती ओल्ड नंबर वन म्हणूनच ओळखली गेली, म्हणून ती अस्सल, असा त्यांचा तर्क. आजही वाद निघाला की याच निकालाचा दाखला दिला जातो. तो सोयीपुरता वापरणारेही पुष्कळ. निकालाचा आधार अखंड इतिहास हा होता. चॅसी नंबराची गंजलेली पाटी आणि चार बोल्ट हाती असले की कोऱ्या पत्र्यातून गाडी ‘जिवंत’ करता येते, असं त्यात कुठेही नाही.

दरम्यान गाड्यांची बांधणी बदलली होती. मोनोकॉकमध्ये वेगळी चॅसी नसतेच, पत्र्याची पेटी हाच सांगाडा. १९६१ ची जॅग्वार ई-टाइप दोन्हींच्या मधली: मागे मोनोकॉक, पुढे इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या फ्रेम बोल्टने जोडलेल्या. गंमत म्हणजे चॅसी नंबर ठोकलेला आहे तो याच बोल्टच्या फ्रेमवर, उजव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडाजवळ. या नळ्या आतून गंजतात. बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि भिंत कागदासारखी पातळ झालेली असते, त्यामुळे फ्रेम बदलणं हे साधं देखभालीचं काम. पण जुन्या फ्रेमबरोबर कारखान्याचा ठसाही भंगारात जातो. म्हणून जाणकार जुनी फ्रेम, निदान तिचा नंबराचा तुकडा, फोटो आणि बिलांसह जपतात. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी असे मूळ नंबर असतात. गाडीवरच्या नंबरांशी ते एकेक करून ताडून पाहावेत.

शर्यतीच्या जगात तर पाटीला पहिल्यापासून फारशी किंमत नव्हती. मिनी बनवणाऱ्या बीएमसी कंपनीच्या अ‍ॅबिंग्डन इथल्या स्पर्धा विभागात रॅलीची मिनी ठोकली गेली की नव्या शेलवर, म्हणजे पत्र्याच्या कोऱ्या पेटीवर, जुना नोंदणी क्रमांक चढे आणि ‘तीच’ गाडी पुढच्या रॅलीला निघे. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबी या स्पोर्ट्‌स कारचे शेल जुन्या डायवर (साच्यांवर) पुन्हा दाबून विकायला घेतले आणि ही सोय सामान्य मालकालाही मिळाली. शेल गॅरेजात जोडलेला आहे का हे ओळखायचं असेल तर वेल्डिंगचे ठिपके पाहावेत. कारखान्याचे स्पॉट वेल्ड छोटे, गोल आणि किंचित खोलगट असतात. गॅरेजात भोक पाडून भरलेले प्लग वेल्ड उंचवट्याचे किंवा घासून सपाट केलेले.

अमेरिकेत वेगळीच कसोटी रुजली, जुळत्या नंबरांची. कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्‌स कार रिस्टोअर करणाऱ्यांची संघटना एनसीआरएस १९७४ मध्ये सुरू झाली. तिचे परीक्षक इंजिन ब्लॉकचा कास्टिंग नंबर, ओतकामाची तारीख आणि त्याच्या पुढच्या सपाट पॅडवर ठोकलेली अक्षरं तपासतात. ब्लॉकची तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची हवी. नंतरची निघाली तर विषयच संपला. बनावट करणारे पॅड घासून नवे आकडे ठोकतात, पण कारखान्यात पृष्ठभाग कापून सपाट करताना (ब्रोचिंग) उमटलेल्या बारीक समांतर रेघा घासताना जातात आणि चोरी तिथेच पकडली जाते. खोट्या अस्सलपणाचं दुसरं मोठं क्षेत्र १९७३ ची पोर्श कॅरेरा आरएस २.७. मूळ गाड्या १,५८० बनल्या. पोर्शच्याच साध्या ९११ वर मागे रुंद मडगार्ड आणि बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर लावून आरएसचा आव आणणं सोपं आहे. चॅसी नंबराची मालिका आणि ९११/८३ हा इंजिनाचा प्रकार मात्र स्पॉयलरबरोबर मिळत नाही.

इंजिन बदललं की ओळख गेली, ही बाजाराची भावना. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने अनेक वर्षं नेमकं उलट गणित मांडलं. मोठे फेरफार केलेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक राखायला न कापलेला सांगाडा आणि किमान ८ गुण लागत: चॅसी किंवा मोनोकॉकला ५, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला फक्त १. मूळ इंजिन जागेवर ठेवून सांगाडा कापणारा नापास आणि सांगाडा राखून परकं इंजिन बसवणारा पास. आमच्या मते हे गणित बाजारापेक्षा शहाणं होतं, कारण इंजिन हा झिजणारा आणि बोल्टने सुटणारा भाग आहे. ऑगस्ट २०२५ पासून तिथले नियम सैल झाले. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ पाटी मिळते. गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत रुळलेले फेरफार तिथे चालतात, आजची फॅशन चालत नाही.

प्रत्यक्ष कामात खरा फरक बोल्ट आणि करवत यांच्यात आहे. डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर, पॉइंट्‌सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, हे सगळं एका दिवसात परत फिरवता येतं. तिथेही घोळ होतात. सुरुवातीच्या एमजीबीचं वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं आहे, म्हणजे बॅटरीचा धन ध्रुव गाडीच्या पत्र्याला जोडलेला. ध्रुव न पालटता ऑल्टरनेटर जोडला की डायोड लगेच जळतात, आणि ध्रुव पालटले तरी जुना इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर फेरजोडणीशिवाय चालत नाही. त्याच गाडीत रोव्हरचा ३.५ लिटर व्ही८ बसवणं ही पुढची पायरी. कारखान्याने स्वतः १९७३ ते १९७६ मध्ये अशा २,५९१ एमजीबी जीटी बनवल्या, म्हणून या फेरफाराला इतिहासाचं पाठबळ आहे. अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने व्ही८ मूळच्या बिडाच्या चार सिलिंडरपेक्षा फारसा जड भरत नाही आणि पुढचं वजन बिघडत नाही. घरगुती रूपांतर अडतं ते एक्झॉस्टची नळी आणि स्टिअरिंग कॉलम यांच्यातल्या जागेवर. मग काहीजण आतल्या विंगच्या, म्हणजे चाकावरच्या, पत्र्यात भोकं पाडून एक्झॉस्ट बाहेर काढतात, आणि परतीची वाट तिथेच बंद होते. डिफरेन्शिअलचं गुणोत्तर ३.९ च ठेवलं तर महामार्गावर इंजिन विनाकारण ओरडत राहतं, कारखान्याने ३.०७ घातलं होतं.

पोर्शच्या जगात गाडी मागच्या काळात नेण्याची रीत आहे. ९६४ मालिकेच्या, म्हणजे १९८९ ते १९९४ च्या ९११ वर १९७३ पर्यंतचा लांब बॉनेट आणि जुन्या धाटणीचे बंपर चढवायचे. त्यासाठी पुढचा कुलपाचा पत्रा कापावा लागतो आणि रुंद मडगार्डसाठी मागचे पत्रेही. कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी हे काम कसबाने करते आणि आपण पोर्श गाडी बनवत नाही असं स्वतःच सांगते. हा प्रामाणिकपणा नक्कल विकणाऱ्यांनी उचलावा. इथे गाडीचं वय मागे ढकललेलं दिसतं, कागदोपत्री मात्र ती ९६४ च असते.

गेल्या पंचवीस वर्षांत वारं संरक्षणाकडे वळलं. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच इथल्या क्लासिक गाड्यांच्या स्पर्धेत २००१ पासून पुन्हा न रंगवलेल्या, न खोललेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिव्हा हिने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा भर शक्य तितकं मूळ साहित्य राखण्यावर, केलेल्या बदलांच्या नोंदींवर आणि ते उलटवता येण्यावर आहे. इलेक्ट्रिक रूपांतराला फिव्हा ऐतिहासिक वाहन मानत नाही. जॅग्वारने २०१७ मध्ये दाखवलेल्या इलेक्ट्रिक ई-टाइपची मोटर आणि बॅटरी जुन्या इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या जागी, मूळ जोडांवर बसतील अशा मापाची होती. असं काम करून घेताना नवं भोक एकही पाडू देऊ नये आणि दोन्ही अ‍ॅक्सलवरचं वजन आधी व नंतर तोलून लिहून ठेवावं. काढलेल्या इंजिनात तेल भरून, स्पार्क प्लगची भोकं बंद करून, नंबराचा फोटो लावून ते कोरड्या जागी ठेवावं. गाडी विकली तर ते इंजिन तिच्याबरोबरच गेलं पाहिजे, आणि तसा उल्लेख विक्रीच्या कागदात हवा.