हवेवरची गाडी आणि सीएनजीची गाडी: दाब सारखा, काम वेगळे

टाटांच्या ‘हवेवर चालणाऱ्या’ गाडीची जुनी बातमी आजही अधूनमधून मोबाइलवर फिरत असते आणि ती वाचणाऱ्याला एक रास्त प्रश्न पडतो: सीएनजीची टाकीसुद्धा दाबानेच भरलेली असते, तर मग तिच्यात गॅसऐवजी फुकटची हवा का भरू नये? दोन्हींत टाकी, दाब, नळी आणि पिस्टन असल्यामुळे हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. मात्र सीएनजीच्या गाडीत दाब हा इंधन थोड्या जागेत बसवण्याचा उपाय असतो, तर हवेच्या गाडीत दाब हीच सगळी ऊर्जा असते. पुढचा प्रत्येक फरक यातूनच निघतो.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. नेहमीच्या दाबाला एक किलो मिथेन सुमारे दीड हजार लिटर जागा व्यापतो, आणि एवढी जागा कोणत्याही डिकीत मिळणार नाही. म्हणून तो सुमारे 200 बार दाबाने, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट दाबाने, जाड टाकीत भरतात. इंजिनाला मात्र हा दाब नकोच असतो. रेग्युलेटर तो उतरवतो, गॅस हवेत मिसळून इंजिनात जळतो आणि त्या ज्वलनाच्या उष्णतेवर गाडी पळते. कंप्रेसरने मेहनतीने चढवलेला दाब वाटेत वाया जातो, पण गॅसमधल्या उष्णतेपुढे तो तोटा अगदी किरकोळ असतो.

हवेच्या गाडीत जळण्यासारखे काहीच नसते. टाकीतली हवा प्रसरण पावताना पिस्टन ढकलते आणि बाहेर पडते. भरताना कंप्रेसरने जे काम केले, त्याचाच काही भाग परत मिळतो, त्याहून जास्त कधीच नाही. म्हणून हवा हे इंधन नव्हे, ते ऊर्जा साठवण्याचे साधन आहे. तिची तुलना खरे तर बॅटरीशी व्हायला हवी, आणि त्या तुलनेत ती बरीच मागे पडते: तेवढीच वीज बॅटरीत भरली तर गाडी पुष्कळ लांब जाते.

आकडे मांडले की फरक डोळ्यांत भरतो. छोट्या गाडीच्या डिकीत बसणारी 60 लिटरची टाकी घेऊ. तिच्यात साधारण 9 किलो सीएनजी मावतो आणि त्यात सुमारे 430 मेगाज्यूल उष्णता असते. इंजिनाने तिचा चौथा हिस्सा जरी कामात बदलला तरी शंभरावर मेगाज्यूल हाती येतात. त्याच टाकीत 200 बारने हवा भरली, तर आदर्श परिस्थितीत, कुठेही तोटा झाला नाही असे धरूनही, मिळणारे काम पाच मेगाज्यूलच्या आसपासच राहते. गाडीला किलोमीटरमागे अर्धा मेगाज्यूल लागतो असे मानले, तर सीएनजीवर दोनशे किलोमीटर जाणारी गाडी हवेवर दहा किलोमीटरांत थांबेल. म्हणूनच या कल्पनेमागचे फ्रेंच अभियंते गी नेग्र यांच्या एमडीआय कंपनीला 300 बार दाब आणि कार्बन फायबरच्या मोठमोठ्या टाक्या योजाव्या लागल्या. तरी 300 बारने भरलेल्या 300 लिटरच्या टाक्यांतून मिळू शकणाऱ्या कामाची वरची मर्यादा 42 मेगाज्यूलच्या आसपासच येते.

त्यातही उष्णतेची अडचण आहे. हवा दाबली की तापते आणि ती उष्णता वातावरणात निघून जाते. नंतर तीच हवा मोकळी झाली की कमालीची थंड होते, तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ धरतो आणि काम आणखी घटते. फ्रान्समधल्या नांत शहरात 1879 पासून हवेवर चालणाऱ्या ट्राम होत्या. लुई मेकार्स्की यांनी त्यांत हवा आधी गरम पाण्याच्या टाकीतून नेली, आणि म्हणूनच त्या ट्राम 1917 पर्यंत टिकल्या. गंमत अशी की दाब उतरताना सीएनजीसुद्धा गारठतो, त्यामुळे रेग्युलेटर गोठू नये म्हणून त्याच्याभोवती इंजिनाचे गरम पाणी फिरवतात. सीएनजीच्या गाडीत ही उष्णता आयती मिळते. हवेच्या गाडीत ती वेगळी आणावी लागते.

प्रदूषणाबाबत घाईने निकाल देऊ नये. हवेच्या गाडीच्या नळीतून थंड हवाच बाहेर पडते हे खरे, पण कंप्रेसरची वीज कोळशाची असेल तर धूर फक्त वीजकेंद्राच्या चिमणीकडे सरकतो. सीएनजी जळताना कार्बन डायऑक्साइड निघतोच. तेवढ्याच उष्णतेमागे तो पेट्रोलपेक्षा साधारण चौथ्या हिश्श्याने कमी असतो आणि काजळी जवळजवळ नसते. मुंबईच्या रिक्षा-टॅक्सी सीएनजीवर आणण्यामागे मुख्य विचार शहरातल्या हवेचाच होता. मात्र न जळता गळणारा मिथेन स्वतःच तीव्र हरितगृह वायू आहे, आणि ही सीएनजीची खरी उणी बाजू मला वाटते. सुरक्षिततेत हवेला आग लागण्याचे भय नाही, पण 300 बारची टाकी फुटली तर नुसता दाबही जीवघेणा ठरतो, त्यामुळे टाकीची वेळच्या वेळी तपासणी दोन्हीकडे सारखीच आवश्यक आहे.

टाटा मोटर्सने 2007 मध्ये एमडीआयशी करार केला आणि 2012 मध्ये दोन गाड्यांवर तंत्राची पहिली चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले, पण गाडी बाजारात आली नाही. याचा दोष कोणाच्या कारस्थानाला देण्याचे कारण नाही, कारण वरचे गणितच आड येते. थोडा वेळ, थोडे काम आणि लगेच पुन्हा भरता येण्याची सोय असेल तिथे मात्र दाबलेली हवा उत्तम चालते: ठिणगीची भीती असलेल्या खाणींत तिच्यावर इंजिने धावली आहेत, आणि एसटीच्या गाड्यांचे ब्रेक रोज तिच्यावरच लागतात.