वाइल्ड गनमन : काऊबॉयच्या बंदुकीमागची गोष्ट

९० च्या दशकात आपल्याकडे जे टीव्ही गेम मिळायचे, बंदूक आणि पिवळी कॅसेटवाले, ते निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनची कॉपी होते, आणि त्या बंदुकीवर सगळ्यांना आठवतो तो बदकांचा डक हंट. पण माझ्या मते खरा मान वाइल्ड गनमनचा, कारण तो डक हंटपेक्षा दहा वर्षं जुना आहे आणि तेव्हा तो व्हिडिओ गेम नव्हताच.

हे सगळं गुनपेई योकोई या माणसापासून सुरू होतं, हाच तो पुढे गेम बॉय हा हातात धरून खेळायचा गेम बनवणारा. १९६५ ला निन्टेन्डोत लागला तेव्हा कंपनी पत्ते छापायची आणि त्याचं काम त्या मशीन्सच्या मेंटेनन्सचं. १९७० मध्ये त्यांनी खेळण्यातली बंदूक काढली जी प्रकाश सोडायची आणि समोरच्या टार्गेटमध्ये सोलर सेल असायचा, त्यावर प्रकाश पडला की नेम लागला. ती चालली, मग १९७३ ला बंद पडत चाललेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये लेझर क्ले शूटिंग, म्हणजे पडद्यावर उडणाऱ्या चकत्या प्रकाशाच्या बंदुकीने टिपायचा खेळ, सुरू केलं, पण त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, ऑर्डरी कॅन्सल झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. म्हणून मग छोटी, आर्केडमध्ये (नाणं टाकून गेम खेळायच्या दुकानात) मावतील अशी मशीन्स काढली, त्यातलंच १९७४ चं वाइल्ड गनमन. यात १६ एमएम फिल्मवर खऱ्या नटाचं शूटिंग होतं, काऊबॉय समोर उभा, त्याचे डोळे चमकले की तुम्ही बंदूक काढायची, उशीर झाला तर तो तुम्हाला उडवणार. पन्नास वर्षांपूर्वी हे सुचणं म्हणजे कमालच आहे!

१९८४ ला हाच गेम फॅमिकॉमवर आला, फिल्म जाऊन कार्टून आलं, पण डोळे चमकायचे तेच आणि घाई करून आधी गोळी मारली की फाउल. बंदुकीचं काम मात्र पूर्ण उलटं झालं, आता ती प्रकाश सोडत नाही, बघते. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग फक्त टार्गेटच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि नळीतल्या सेन्सरला तो दिसला तर गोळी लागली. आधी काळं दिसलं पाहिजे अशी अट, त्यामुळे बल्बकडे रोखून चीटिंग चालत नाही.

१९९० मध्ये अमेरिकेत मॅड डॉग मॅकक्री हा काऊबॉयचाच आर्केड गेम आला, त्यात पुन्हा खरे नट, फक्त फिल्मऐवजी लेझरडिस्क, म्हणजे व्हिडिओची मोठी तबकडी.

आणि कुणाकडे माळ्यावर तो जुना सेट असेल तर एलसीडीला जोडू नका, चित्र दिसेल पण गोळी लागणार नाही, कारण एलसीडीवर चित्र किंचित उशिरा येतं आणि गेमचं सगळं टायमिंग पिक्चर ट्यूबवर बेतलेलं आहे. जुना डब्बा टीव्हीच लागतो.