निपाणीचं तेल आणि वाटेत वितळणारा बर्फ

निपाणीच्या अलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीतल्या कोगनोळीला कुठल्याही पंपावर थांबा, कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या गाड्या दिसतीलच. कागलची पोरं येतात, टाकी फुल्ल करतात, माघारी जातात. पेट्रोल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, आणि कर्नाटकातला दर सहसा महाराष्ट्रापेक्षा कमी असतो.

मग अख्खं कोल्हापूर का येत नाही? समजा लिटरमागं ५ रुपये फरक, बाईकमध्ये मावलं १० लिटर, म्हणजे वाचले ५० रुपये. पण येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर झालं की लिटरभर पेट्रोल वाटेतच जळतं, शंभराची नोट गेली ना! ट्रकवाल्याचं वेगळं, तो तसाही हायवेनंच येणार आणि टाकी त्याची ३०० लिटरची.

अर्थशास्त्रात याला एका किमतीचा नियम म्हणतात, एकच वस्तू सगळीकडं एकाच भावाला मिळायला पाहिजे, नाहीतर कोणीतरी स्वस्तात घेऊन महागात विकणारच. पण माल हलवायचा खर्च फरकापेक्षा जास्त असेल तर कोण कशाला हलवेल? फरक तसाच राहतो, वर्षानुवर्षं.

अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सननं १९५४ मध्ये यासाठी भारी युक्ती काढली. वाहतुकीचा खर्च वेगळा मोजायचाच नाही, माल हिमनगासारखा वाटेत थोडा वितळतो असं धरायचं. ऐकायला येडपट वाटतं, पण १८३३ मध्ये बोस्टनहून कोलकात्याला जहाजानं खरंच बर्फ आला होता, निघताना १८० टन, पोचला साधारण १०० टन. विरघळलेल्या ८० टनाचे पैसेपण उरलेल्या बर्फातनंच काढायचे. आमच्या बेळगावची कोथिंबीर चोर्ला घाटातनं गोव्याला जाते तेव्हा तळाच्या जुड्या पिवळ्या पडतात, तोच हिशोब.

देशांमध्ये हे किती वाढतं? अँडरसन आणि व्हॅन विनकूप या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये श्रीमंत देशांसाठी ढोबळ अंदाज काढला, कारखान्यात १०० ची वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत २७० ची. मला वाटायचं यात जहाजाचंच भाडं जास्त असणार, पण वाहतूक फक्त २१ टक्के, सीमा ओलांडायचे ४४ आणि देशातल्या होलसेल-रिटेलचे ५५, एकावर एक चढत जाणारे, म्हणजे १०० चे आधी १२१, त्यावर ४४ टक्के, मग त्या सगळ्यावर ५५ टक्के. त्या ४४ मध्ये जकातीसारखे सरकारी अडथळे ८ च्या आसपास, वेगळ्या चलनाचे १४, आणि चक्क भाषेचे ७!

आमच्या खडेबाजारातला दुकानदार मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत घासाघीस करतो. त्याचे हे ७ तरी वाचले, पण गिऱ्हाइकाला त्यातलं काय सोडत नाही तो.