हजेरीचं पान

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात ऐंशी पार केलेल्या माणसापुढे ‘हजेरी’ म्हणा. त्याला शाळा आठवेलच असं नाही. मातंग-रामोशी वस्त्यांतल्या पुरुषांनी ठरल्या वेळी पाटलापुढे उभं राहायचं, नाव पुकारलं की ‘हाजिर’ म्हणायचं. लेकीच्या गावाला जायचं तरी दाखला. गुन्हा केलाय का, हा प्रश्नच नव्हता. जन्म पुरेसा होता. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली ही हजेरी बंद केली. जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871 पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा मात्र देशात 1952 पर्यंत टिकला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं.

मधल्या काळात याच भागात इंग्रजांना न जुमानणारं भूमिगतांचं प्रतिसरकार उभं राहिलं. भूमिगतांचा माग सरकारला लागेना, कारण गावं बोलेनात. खबऱ्यांना दिलेल्या शिक्षांच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. मला त्या ऐकताना थोडं अवघडायला होतं.

हजेरी गेली तरी संशयितांवर पाळत ठेवायची पोलिसांची वही राहिली. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंगला दरोड्याच्या खटल्यात पुराव्याअभावी सोडलं, तरी पोलिस रात्री-अपरात्री त्याची कडी वाजवत. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रात्रीच्या भेटी थांबवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही म्हणून बाकीची पाळत चालू दिली. हा हक्क मान्य व्हायला 2017 उजाडलं.

फोनचं तसंच. 1885 च्या तार कायद्यावर 1996 पर्यंत टॅपिंग चाललं, तेही धड नियमांशिवाय. मग न्यायालयाने गृहसचिवांचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत आणि आढावा समिती घालून दिली. समितीत सगळे सरकारी अधिकारीच! तरी त्या लेखी आदेशामुळेच 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला एका व्यापाऱ्याच्या फोनचं टॅपिंग बेकायदा ठरवता आलं. सार्वजनिक सुरक्षेचं कारणच त्यात दिसत नव्हतं.

म्हणून कागद मागायचा. आमच्या चौकात कॅमेरे लागले तेव्हा दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला: चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, कोणाच्या आदेशाने? तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, ‘अशी नोंद उपलब्ध नाही.’ पाटलाच्या हजेरीला निदान वही तरी होती. पहिलं अपील टाकलंय.