शेणामातीने उचललेलं गाव

नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, वाडन समुद्राच्या काठी नॉर्डईस्ट-फ्रिसलान ही ग्रामीण पालिका आहे. तीन जुन्या पालिका एकत्र करून २०१९ साली ती झाली. वस्ती सुमारे ४५ हजार. डोक्कुम हे जुनं शहर सोडलं तर सगळीकडे खेडी, कुरणं आणि बटाट्याची शेतं. घराघरांत डचइतकीच फ्रिजियन भाषा ऐकू येते. या सपाट मुलखात हेगेबाइन्टुम हे गाव मात्र समुद्रसपाटीपासून जवळपास ९ मीटर उंच टेकाडावर वसलंय. अशा टेकाडाला ‘टेर्प’ म्हणतात, आणि देशातला सर्वांत उंच टेर्प हाच.

तो माणसांनी आणि गुरांनी मिळून रचला. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी इथे बांध नव्हते. वादळी भरतीचं पाणी खारट कुरणांवर पसरायचं आणि ओसरताना गाळाचा थर ठेवून जायचं. गवत उत्तम, पण राहायला कोरडी जागा नाही. म्हणून लोकांनी चिखलमाती, गोठ्यातलं शेण, राख, केरकचरा यांचे थर एकावर एक चढवले. पिढ्यान्‌पिढ्या घर पडलं की त्याच्यावरच नवं उभं राहिलं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने या किनाऱ्यावरच्या टेकाडवासीयांचं वर्णन करताना त्यांच्याकडे गुरं नाहीत, असं लिहिलं. टेर्पच्या पोटातले शेणाचे जाड थर त्याला खोटं ठरवतात. ओल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या मातीत हाडं, लाकूड, चामडंसुद्धा टिकून राहिलं. महाराष्ट्रातल्या गोठ्यांत दिसणाऱ्या संकरित एचएफ (होल्स्टीन-फ्रिजियन) गाईचे पूर्वजही याच किनारपट्टीच्या गुरांमधले.

इ.स. १००० च्या सुमारास बांध घातले जाऊ लागले आणि टेर्पची गरज सरली. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर वेगळंच संकट आलं. शेण-हाडांमुळे फॉस्फेटने आणि शिंपल्यांमुळे चुन्याने समृद्ध झालेली ही माती खत म्हणून विकली जाऊ लागली. टेकाडं खणून, होड्या भरभरून ती माती निकस वालुकामय जमिनींकडे गेली. रासायनिक खतं स्वस्त होईपर्यंत हे चाललं. हेगेबाइन्टुमचाही मोठा भाग असाच गेला; चर्च आणि त्याभोवतीचं दफनस्थान तेवढं उंचावर राहिलं, एका बाजूला उभा कडा. माझ्या लेखी हा ग्रंथालय जाळण्यासारखाच प्रकार, कारण विस्कटलेले थर पुन्हा वाचता येत नाहीत.

बांधांनी पूर अडवला, तसा गाळही अडवला. त्यामुळे आतली जमीन आता उंचावत नाही. पाण्याचा निचरा केल्याने ती खचतच जाते. बांधाबाहेरच्या कुरणांवर मात्र भरती अजूनही गाळ आणते. शेतांखाली खारं भूजल आहे आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो. इथलं महत्त्वाचं पीक, बियाण्याचा बटाटा, त्या थरावर जगतं. कोरड्या उन्हाळ्यात तो थर आक्रसतो आणि खार वर सरकतो. म्हणून पावसाचं पाणी लगेच वाहून न घालवता जमिनीत मुरवण्याकडे आता लक्ष दिलं जातं आहे.