सुळा येण्याआधी: दुभंगलेल्या वरच्या जबड्यात हाड भरण्याची पार्श्वभूमी

जन्मतः दुभंगलेला ओठ शिवला, टाळू शिवली, तरी नऊ-दहा वर्षांच्या मुलावर पुन्हा शस्त्रक्रिया कशासाठी, असा प्रश्न पालकांना पडतो. दुभंग अनेकदा हिरडीतल्या हाडातूनही गेलेला असतो. त्या फटीतून पातळ पदार्थ नाकात जातात, नाकपुडीचा तळ खचतो आणि सुळ्याला उगवायला हाडच उरत नाही.

ही फट हाडाने बुजवण्याचे प्रयत्न जुने आहेत. शल्यविशारद आयझेल्सबर्ग यांनी १९०१ मध्ये, तर ड्राख्टर यांनी १९१४ मध्ये नडगीचे हाड वापरून तसे केले होते. खरा जोर १९५० च्या दशकात आला. जर्मनीत श्मिड आणि स्वीडनमध्ये नॉर्डिन व जोहान्सन यांनी तान्ह्या वयातच हाड बसवायला सुरुवात केली. जबड्याचे दोन तुकडे लवकर जोडले तर ते आत कोसळणार नाहीत, हा त्यामागचा तर्क वरवर निर्दोष होता. मात्र मुले वाढू लागली तशी मध्यचेहऱ्याची वाढ खुंटल्याचे दिसू लागले. शिकागोच्या प्रुझान्स्की यांनी १९६४ मध्येच या घाईला उघड विरोध नोंदवला होता. पुढे बहुतेक केंद्रांनी ही पद्धत सोडली. काहींनी ती बदल करून चालू ठेवली.

वळण आले ते १९७२ मध्ये. अमेरिकेतील बॉइन आणि सँड्स यांनी कमरेच्या हाडातला सच्छिद्र, मज्जायुक्त भाग काढून तो सुळा उगवण्यापूर्वी, म्हणजे साधारण नवव्या ते अकराव्या वर्षी, फटीत भरला. तोवर वरच्या जबड्याच्या पुढच्या भागाची रुंदीतली वाढ बरीचशी उरकलेली असल्याने शस्त्रक्रियेमुळे होणारी हानी कमी राहते. शिवाय सच्छिद्र हाडात रक्तवाहिन्या लवकर शिरतात, म्हणून ते जगते. माझ्या मते त्यांची खरी दूरदृष्टी हाडाच्या निवडीपेक्षा वेळेच्या निवडीत होती. सुळा त्या नव्या हाडातून खाली उतरतो आणि त्याच्यावर भार आला की हाडही टिकते. दात नसेल तर ते हळूहळू झिजते. नॉर्वेतील ऑस्लो केंद्राने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असंख्य मुलांवर हीच पद्धत वापरली, आणि तिथल्या बर्गलँड, सेम्ब व ऑबीहोल्म यांनी १९८६ मध्ये दीर्घ अनुभव मांडल्यावर तिला सर्वत्र मान्यता मिळाली.

कमरेची जखम टाळण्यासाठी हाडवाढीचे प्रथिन, बीएमपी-२, वापरून पाहिले जाते. अमेरिकेत जबड्यासाठी त्याला २००७ मध्ये मिळालेली मंजुरी मात्र प्रौढांपुरतीच आहे.